उभ्या गाडीचे किलोमीटर

आमच्या वर्कशॉपच्या दाराला लिंबू-मिरची नाही. शनिवारी विकायला येतो त्याला मी हाकलून देतो. भूत, बाधा, नजर... असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. वाचकांत कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तर त्यानं मला समजावून सांगावं. फक्त "भास झाला असेल" असं लिहू नका. ते ऐकून कान किटलेत.

मोरिवलीला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, राहायला अंबरनाथ पश्चिमेला. वेल्डरच्या हाताखाली हेल्पर म्हणून सुरुवात केली, त्यामुळे नवी कोरी गाडी घेणं कधी पटलंच नाही. शोरूमबाहेर पडताच किंमत उतरते, ती दुसऱ्याची उतरू दे! आजवर चार गाड्या घेतल्या, चारही सेकंड हँड. पहिली व्हॅन — गिअरबॉक्स दोनदा उघडला, पण वर्षानुवर्षं लोखंड वाहिलं तिनं. मग एक डिझेल, ती इंजिन मरेपर्यंत वापरली. तिसरीची वायरिंग पुराच्या पाण्यात गेली. खर्च तिघींनी काढला, पण फसवलं नाही.

चौथी ही पांढरी हॅचबॅक. उल्हासनगरच्या एका एजंटकडून घेतली. "लेडी डॉक्टरची गाडी आहे भाऊ, घर ते दवाखाना, बस." आरसी बुकवर बेलवलीच्या कुणा पुरुषाचं नाव होतं, तर म्हणे मिस्टरांच्या नावावर घेतलेली. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. मी दोनदा उठून निघालो, दोनदा त्यानं हाक मारून बसवलं, आणि शेवटी माझ्या भावात दिली. त्या दिवशी मी फार खूश होतो. आता आठवलं की तोंड कडू होतं.

थोड्याच दिवसांत वास सुरू झाला. नासलेल्या दुधाचा. आंबट, घशात बसणारा. सीट काढून धुतल्या, कार्पेट बदललं, कापूर ठेवला — दोन दिवस बरं, की पुन्हा तेच. बायकोनं बसायचं सोडलं. आणि स्टिअरिंग! रोज पुसायचो, रोज त्यावर काळा चिकट थर. कुणीतरी घामट हातांनी दिवसभर धरल्यासारखा. हाताला लागला की साबणानं दोनदा धुवायचो.

मग मीटरकडे लक्ष गेलं. गाडी पार्किंगमध्ये उभी, आणि सकाळी बघावं तर दीड-दोनशे किलोमीटर वाढलेले. रोज.

दुसरी चावी माझ्या धाकट्या भावाकडे, सुनीलकडे असायची. तो आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचा, बायको आणि मुलीला घेऊन. जेवण एकत्र, काम एकत्र. वर्कशॉपमधली बारीक वेल्डिंग त्याच्याच हातची. आता तुम्हीच सांगा, गाडी वाढीव चाललेली, चाव्या दोन, एक माझ्याकडे... माणूस काय समजेल? मी त्याला वर्कशॉपमध्येच विचारलं, कामगार उभे होते तिथे. रात्री गाडी भाड्यानं फिरवतोस का म्हणून.

"दादा, मी रात्री घरी असतो. वहिनींना विचार."

"मग गाडी काय स्वतः फिरते?"

"पेट्रोल बघ ना. कमी झालंय का?"

पेट्रोलचा काटा जागचा हलला नव्हता, हे खरं. मी म्हणालो, भाडं मारणाऱ्याला पेट्रोल भरून ठेवायला काय जातं!

त्यानं हातमोजे काढले, चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. महिनाभरात बदलापूरला भाड्याची खोली बघून बिऱ्हाड हलवलं.

दोन्ही चाव्या माझ्या खिशात. मीटर चालूच.

टायर नवे टाकले होते, ते गुळगुळीत झाले. क्लचप्लेट गेली. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पत्रा दिसायला लागला. माझा नेहमीचा मेकॅनिक बाबूभाई म्हणाला, "शेठ, ये गाडी टॅक्सी में चली है क्या?" मी त्याच्यावरही उखडलो. तूच जुने पार्ट टाकतोस म्हणालो. त्यानं गाडी ढकलत गॅरेजबाहेर काढून दिली.

मग मी स्वतः बंदोबस्त केला. बॅटरीची वायर काढली, चाकाला साखळी घातली, टायर आणि फरशी मिळून खडूनं एक रेघ ओढली. सकाळी रेघ जशीच्या तशी. वायर जोडली — मीटर वाढलेलं.

एका रविवारी दुपारी हट्टानं आत जाऊन बसलो. नुसती चावी फिरवली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती, लख्ख ऊन. आणि डोळ्यांसमोर शेवटचा आकडा बदलला. थोड्या वेळानं पुन्हा. माझे हात स्टिअरिंगवर होते, आणि तळव्यांखाली ते ओलं व्हायला लागलं. कोमट, तेलकट. दार उघडलं आणि तिथेच ओकलो.

वर्षभरानं मीटर थांबलं. एक लाख सोळा हजारांवर. पुढे चालवली तर वाढायचं, उभी ठेवली तर नाही, सरळ गाडीसारखं.

एजंटचा गाळा बंद, फोनही बंद. म्हणून आरसीवरच्या पत्त्यावर बेलवलीला गेलो. डॉक्टर-बिक्टर कुणी नाही. जाडजूड माणूस, हॉटेलांना दही-पनीर पोचवणारा. गाडी ओळखून हसला. "वास गेला का हो? आमचा तर कधी गेला नाय." किलोमीटर किती झाले होते विचारलं, तर फोनमधला फोटो दाखवला. गाडी विकायच्याच आठवड्यात मीटरवर सगळे एक आले होते — एक लाख अकरा हजार एकशे अकरा — म्हणून पोरांनी हौसेनं काढलेला. वर्षभरात मी पाचेक हजार चालवली असेन. तुम्हीच मिळवा.

तिथून तसाच सुनीलच्या खोलीवर गेलो. सगळं सांगितलं. मीटर मागे केलेलं होतं, ते आपोआप जागेवर आलं, तुझा काही संबंध नव्हता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, ती आत गेली. तो ऐकत होता.

"म्हणजे दादा, गाडीनं सांगितलं तेव्हा तुला पटलं. मी सांगितलं तेव्हा नाही."

मी म्हणालो, झालं ते झालं, आता चल घरी. तर म्हणाला मुलीची शाळा आता इथेच घातली आहे.

मीटर मागे कसं करतात ते मला आता ठाऊक आहे. लॅपटॉप जोडतात, चहा संपायच्या आत काम होतं. हलकट धंदा! पण ते पुढे कुणी आणलं? टायर कुठल्या रस्त्यावर झिजले? ते हात कुणाचे? दोन-तीन जाणकारांना विचारलं, ते हसले. मला आजही काही कळलेलं नाही.

सुनील दिवाळीला आला होता. जेवला, वहिनीच्या पाया पडला. स्टेशनवर गाडीनं सोडतो म्हणालो, खाली उतरून दारही उघडून धरलं. त्यानं मुलीला कडेवर घेतलं आणि रिक्षाला हात केला.