डब्यातल्या बॅजवरचा हात

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आठवी-नववीला. हे आधीच सांगते, कारण इथे असे अनुभव लिहिणारे निम्मे लोक 'आमचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' असं म्हणतात आणि दुसऱ्याच ओळीत त्यांच्या घरात अंगाऱ्याची पुडी निघते. माझ्या घरात अंगारा नव्हता. शेजारच्या काकूंनी एकदा न विचारता आमच्या दाराला लिंबू-मिरची टांगली, तर मी मिरच्या फोडणीत टाकल्या आणि लिंबाचं सरबत केलं. काकू महिनाभर बोलल्या नाहीत. आजही माझी भुताखेतांवर श्रद्धा नाही. पण जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय... आणि एकदा नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. चारकोपला आम्हाला नुकतंच घर मिळालं होतं. एक खोली, पुढे ओटा, नळाला तासभर पाणी. माझा नवरा श्रीधर — लोकांसमोर 'अहो', घरात 'अरे' — अंधेरी पूर्वेला एका छोट्या खाजगी कंपनीत होता. बॉयलर आणि मोठ्या पाइपांचं वेल्डिंग आतून नीट झालंय की नाही, हे गॅमा किरणांनी फोटो काढून तपासायचं, हे यांचं काम. शिशाची जड पेटी असते, तिला हे लोक कॅमेरा म्हणतात. तिच्यात केबलच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढा धातूचा तुकडा, तो सोर्स. केबल फिरवून तो बाहेर काढायचा, फोटो झाला की परत आत ओढायचा. बाहेर असताना त्याच्याजवळ जायचं नाही. इतकं मलाही पाठ झालं होतं.

या कामाच्या माणसाने खिशाला एक बॅज लावायचा असतो. प्लॅस्टिकची चौकट, आत धातूच्या बारीक पट्ट्या आणि फोटोची छोटीशी फिल्म. अंगावर किरण पडले की फिल्म काळी पडते. दर महिन्याला सगळ्या फिल्म सरकारी लॅबमध्ये जातात आणि कोणावर किती किरण पडले ते कळतं. कल्पना छानच आहे. फक्त श्रीधरच्या कंपनीत सगळे बॅज बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून मालकांच्या कपाटात ठेवलेले असत.

कारण साधं. फिल्म काळी आली की लॅब प्रश्न विचारते आणि त्या माणसाला साइटवरून काढून ऑफिसात बसवावं लागतं. मालकांना ते नको आणि माणसांनाही नको, कारण साइटवर गेलं तरच भत्ता. तपासणीला कोणी येणार असलं की डबा उघडायचा, सगळ्यांनी धुतलेल्या शर्टावर बॅज लावायचे, चहा-सामोसे, सह्या, झालं! श्रीधर हसून सांगायचा, "आमचे बॅज पंख्याखाली बसतात गं, आम्ही उन्हात." मीही हसायचे.

मुलुंडच्या एका कारखान्यात बॉयलरचं काम चाललं होतं. श्रीधरबरोबर दिलीप होता. मूळचा मालवणकडचा, आमच्या घरी रविवारी मासे खायला हमखास हजर. किरण मोजायच्या मीटरचा सेल संपलेला, काटा शून्यावर. दोघांना वाटलं सोर्स पेटीत गेला. तो गेलाच नव्हता, केबलपासून सुटून बॉयलरच्या पोटात पडला होता. श्रीधर आत वाकून शिरला आणि त्याच्या हाताला तो लागला. अंधारात त्याला वाटलं केबलची तुटलेली खीळ आहे. मालकांना दाखवू म्हणून त्याने ती उजव्या हातात धरून बाहेर आणली, उलटसुलट करून पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली. ज्या खिशाला बॅज असायला हवा होता, त्याच खिशात.

अंधेरीला ऑफिसात पाऊल टाकलं आणि टेबलावरचा दुसरा मीटर किंचाळायला लागला. सगळे बाहेर पळाले. श्रीधर मात्र आपल्या खिशाकडे बघत तिथेच उभा राहिला. चिमट्याने तुकडा शिशाच्या भांड्यात टाकला गेला. मालकांनी, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पोरांना चहा पाजला आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. कळलं ना? कळवलं तर लायसन्स जाईल आणि सगळ्यांची वाट लागेल."

घरी आल्यावर त्याला उलट्या सुरू झाल्या. आठवड्यात बोटं लाल झाली, मग फोड आले. छातीवर खिशाच्या आकाराचा चट्टा. भाऊसाहेब मोसंबी घेऊन आले. "वहिनी, डॉक्टरला गरम पाइप लागला असं सांगा. खर्च कंपनीचा." श्रीधरने मान हलवली. नोकरी होती ना! डॉक्टर भाजल्याचं मलम देत राहिले.

महिना संपला, फिल्म लॅबमध्ये गेल्या. आणि एका दुपारी भाऊसाहेब धापा टाकत आमच्या ओट्यावर उभे. लॅबकडून फोन आला होता. श्रीधरची फिल्म काळीठिक्कर होती.

"हे कसं झालं? बॅज तर डब्यात होता!" ते माझ्यासमोरच ओरडले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर तसेच मागे फिरले.

खरं सांगते, मला आनंद झाला. कशी काळी पडली ते मरू दे, पुरावा तर आहे! आता चौकशी होणार. हे कामावर झालं असं सरकार लिहून देणार, मग डॉक्टर खरे उपचार करतील आणि कंपनीला आयुष्यभर त्याचं करावं लागेल. श्रीधरलाही धीर आला. "आता मी सगळं खरं सांगतो," तो म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. कंपनीच्या ऑफिसातच चौकशी झाली. सरकारकडून, त्या लॅबमधूनच, दोघे आले होते. एक वयस्कर साहेब आणि एक तरुण अधिकारी, प्रधान नावाचा. श्रीधरचा हात बांधलेला म्हणून मी सोबत होते. त्याने बॉयलर, खीळ, खिसा सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "त्या वेळी बॅज अंगावर होता?"

तो म्हणाला, "नव्हता. डब्यात होता."

भाऊसाहेबांनी हात जोडले. "तेच तर म्हणतो साहेब. हे बॅज घालायला विसरतात, आम्ही सांगून थकलो. तुकडाबिकडा काही सुटला नव्हता. विचारा दिलीपला."

दिलीप जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "काही सुटला नव्हता, साहेब. त्याचो हात गरम पाइपाक लागलो. बॅज डब्यात होतो, मी बघितलंय."

या माणसाला मी पापलेटाचं डोकं आठवणीने वाढत असे. मी तिथल्या तिथे त्याला विचारलं, "दिलीप, माझ्याकडे बघून बोल की रे." त्याने पाहिलं नाही. जिन्यात गाठून फक्त एवढं म्हणाला, "वैनी, माझी दोन पोरां आसत. माका नोकरी व्हयी."

साहेबांनी शांतपणे समजावून सांगितलं. डब्यात सगळे बॅज एकमेकांना चिकटून होते. बाकी सगळ्यांच्या फिल्म स्वच्छ, एकच काळी. डब्यात राहून हे होणं अशक्य. म्हणजे कोणीतरी तो बॅज मुद्दाम बाहेर काढून सोर्सजवळ धरला. आणि यात फायदा कोणाचा? सगळे श्रीधरकडे बघायला लागले.

निकाल आला : किरण बॅजला लागले आहेत, माणसाला नाहीत. रक्ताची खास तपासणी करायचं कारण उरलं नाही. सोर्सशी खेळ केला म्हणून श्रीधरचा परवाना रद्द. बॅज नियमित वापरावेत अशी कंपनीला सूचना. सूचना!

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय? हरामखोर माणसंच आहेत. मीही तेच म्हणत होते.

मग एका संध्याकाळी प्रधान आमच्या घरी आला. श्रीधर झोपला होता. प्रधान ओट्यावरच बसला, पाकिटातून फिल्म काढली आणि उजेडाकडे धरून मला म्हणाला, "वहिनी, यात तुम्हाला काय दिसतं?"

फिल्म पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. काळी. त्यावर चौकटीतल्या पट्ट्यांचे चौकोनी ठसे दिसायला हवेत, तो म्हणाला. ते नव्हतेच. तिथे एक हात होता. पूर्ण पंजा, बाहुलीच्या हाताएवढा, पांढुरका. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी, लहानपणी मोडून तशीच जुळलेली. त्या करंगळीमुळे शेजारच्या बोटात साखरपुड्याची अंगठी घालताना मी केवढी खटपट केली होती.

"साहेबांनी फक्त काळेपणा मोजला. हे त्यांनी बघितलंच नाही," प्रधान म्हणाला. "मी दाखवलं तर म्हणाले, डाग आहे."

त्याने एक गोष्ट केली. श्रीधरच्या नंबरची चौकट पुरावा म्हणून त्याच्याच ताब्यात होती. तिच्यात नवी फिल्म घालून त्याने ती लॅबमधल्या आपल्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली. बघू या म्हणून. महिन्याने तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

फिल्म पुन्हा काळी होती. पुन्हा तोच हात. फक्त अंगठ्याजवळची दोन बोटं नव्हती.

मी त्याला वेड्यात काढलं. त्या वेळी श्रीधर सांताक्रूझच्या एका हॉस्पिटलात होता आणि डॉक्टर म्हणत होते, सुधारतंय. त्याच आठवड्यात त्यांनी मला बाहेर बोलावलं. दोन बोटं काढावी लागतील... तीच दोन.

ऑपरेशननंतर श्रीधर डाव्या हाताने चमचा धरायला शिकला. एकदा म्हणाला, "अंगठा राहिला ना गं, पेन धरता येईल. कुठेतरी कारकुनी मिळेल." मी "हो रे, मिळेल की" म्हटलं. आदल्याच दिवशी प्रधानने मला तिसरी फिल्म दाखवली होती. तिच्यावर मनगट होतं, पुढे काही नव्हतं. नवऱ्याचा हात जाणार हे मला माहीत होतं आणि मी त्याच हाताची उरलेली बोटं पुसून देत होते. हे माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. पुढच्या महिन्यात मनगटापासून पंजा काढला.

प्रधानची कॉलर धरायचीच काय ती मी बाकी ठेवली होती. "हे लिहून दे! तुझ्या कुलपातली फिल्म काळी होते, म्हणजे श्रीधरने मुद्दाम केलं नाही, एवढं तरी लिही!"

"काय लिहू वहिनी?" तो रडकुंडीला आला होता. "साहेबांना सांगितलं. म्हणाले, खराब झालेल्या फिल्म फेकून द्यायच्या असतात, त्यांची नोंद करत नाहीत. जास्त बोललो तर विचारतील, लॅबमधून सोर्स तू चोरलास का? स्वच्छ फिल्म आली तरच नोंद करता येते."

तो भित्रा होता, पण वाईट नव्हता. त्याने चौथी फिल्म घातली.

यानंतर श्रीधरची छाती बिघडली, ताप उतरेना. रक्तात काही उरलं नाही म्हणाले. मला आता वाटतं, त्या चौथ्या फिल्ममध्ये काय दिसेल याची मी मनातल्या मनात उजळणी करत होते. दंड नसेल. खांदा नसेल.

एका सकाळी प्रधान हॉस्पिटलचे जिने धावत चढून आला. मी वॉर्डच्या बाहेर बाकावर बसले होते. त्याच्या हातात फिल्म, आणि तो चक्क हसत होता.

"वहिनी, साफ! एक ठिपका नाही. थांबलं वाटतं... आता बरे होतील ते!"

माझ्या मांडीवर श्रीधरचे कपडे होते, नर्सने नुकतेच घडी करून दिलेले. प्रधानने कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तिथेच खाली बसला.

केस बंद झाली. मी भरपाईची मागणी केली तेव्हा उत्तर मिळालं, की श्रीधरच्या नावावर ग्राह्य धरण्यासारखी एकच फिल्म आहे, शेवटची. पहिली बनावट ठरली, मधल्या दोन फेकल्या. शेवटची पूर्ण स्वच्छ, म्हणून तिची रीतसर नोंद झाली. किरणांची मात्रा : शून्य.

कोणी म्हणतं केमिकल बिघडलं असेल, कोणी म्हणतं प्रधाननेच काहीतरी केलं. मुलांना मी भिंग, सावली, फिल्म शिकवत निवृत्त झाले, आणि बाहुलीएवढ्या त्या पंजाचं स्पष्टीकरण आजही मला देता येत नाही. कोणी म्हणतं श्रीधरच काहीतरी सांगू पाहत होता. मला हे ऐकून चीड येते. तो श्रीधर असता तर त्याने असं केलं नसतं. जे कोणी होतं, त्याने खरं तेवढं मला दाखवलं आणि सरकारला दाखवायची वेळ आली तेव्हा फिल्म कोरी ठेवली.