सुपाचा आवाज थांबतो तेव्हा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय.

मी पोंभुर्ण्यात घरी बसून ऑनलाइन स्पॅनिश शिकवतो. शब्दाची अक्षरं तोडायची, त्यातल्या एकावर जोर द्यायचा — आपल्या मराठी जिभेला हेच जड जातं. म्हणून मी बांबूची कामटी घेतली. साध्या अक्षराला टेबलावर हलकी टिचकी, जोराच्या अक्षराला सणसणीत फटका. 'पा-हा-रो' म्हणजे पक्षी. फटका 'पा'वर.

धाकटी बहीण वैशाली माझ्याकडेच शिकली. नागपूरच्या एका कंपनीने तिला स्पॅनिशच्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं. त्याच कंपनीने आधी मला नाकारलं होतं — हे घरात कुणाला ठाऊक होतं?

मुलाखतीच्या आदल्या दुपारी सरावाला बसलो. ती चुकली की फटका टेबलाऐवजी तिच्या तळहातावर. असं शिकवतात का कुणाला? तिला वाटलं, दादा आपल्या भल्यासाठीच कडक झालाय. ती हात पुढे करत राहिली. तळवा लाल झाला, मग सुजला. मी थांबलो नाही. मला बरं वाटत होतं — हो, बरंच वाटत होतं.

मग ती 'पाहारो' म्हणाली. अगदी बरोबर, माझ्यापेक्षा स्वच्छ. आणि मी कामटी उभी धरून, तिच्या धारदार कडेनं, जीव खाऊन मारली. तळवा फाटला. रक्त टेबलावर, माझ्या शर्टावर. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, आता तर बरोबर म्हन्लं नं मी?"

आई बांधीतून, भाताच्या शेतातून, आली तेव्हा मीच आधी बोललो — विळा लागला. धानकापणीचे दिवस, लगेच खपलं.

"काऊन वं, विळा धरता येत नाई तुले?" आई तिच्यावरच करवादली.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली. टाके पडले. मधलं बोट कायमचं वाकेनासं झालं. मुलाखत हुकली. कंपनीने पुन्हा बोलावलं, तर ती गेलीच नाही. का, ते मी कधी विचारलं नाही — विचारायची गरज होती का?

ती कामटी मी अजून वापरतो. शिकवायला बसतो तेव्हा वैशाली पलीकडच्या खोलीत तांदूळ पाखडत असते. मी जोराचं अक्षर आपटलं, की सुपाचा आवाज थांबतो. मला ते ऐकू येतं. मग मी पुढचा शब्द घेतो.