ओढणीचं फडकं

माझ्या ओढणीने शिपाईमामा बाकं पुसत होते.

पेपर देऊन वर्गाबाहेर आले आणि हे पाहिलं. दुपारच्या परीक्षेसाठी शेजारच्या वर्गाची सफाई चालली होती. फिकट निळी ओढणी, काठाला अम्मीने हाताने घातलेली टीप. मी म्हटलं, ती माझी आहे. त्यांनी ओढणीकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या डोक्याकडे.

"असं व्हय. मला वाटलं फडकं हाय."

झटकून दिली. वाईट माणूस नव्हता तो. चपलांच्या ढिगात पडलेल्या कापडाला कोण ओढणी म्हणणार?

चपलांत ती गेली कशी, ते सांगते.

मी दिघीजवळच्या गावची. डी.एड. झालेली. शिक्षकाच्या परीक्षेचं केंद्र अलिबागकडच्या एका कॉलेजात आलं. प्रवेशपत्रावर स्वच्छ छापलं होतं: डोकं झाकणाऱ्या महिलांनी तासभर आधी यावं, महिला कर्मचारी आडोशाला तपासणी करतील. मी दीड तास आधी पोचले. त्यासाठी आगरदांड्याची पहिली लाँच धरली, मग एसटी.

गेटवरचा माणूस म्हणाला, मॅडम यायच्यात, बाजूला थांबा. थांबले. रांग माझ्यासमोरून आत जात राहिली. मॅडम आल्याच नाहीत. गेट बंद व्हायला पाच मिनिटं उरली तसा तो वैतागला.

"ताई, काढा ते आणि आत जा. नाय तर घरी जा."

मी काढली.

हेच सांगायचं आहे. कुणी ओढली नाही. मी स्वतःच्या हातांनी एकेक पिन काढली, रांगेतल्या सगळ्या पोरांसमोर. एक जण बघायचं म्हणून बघत होता, दुसरा मुद्दाम दुसरीकडे. दोन्ही सारखंच लागलं. गेटवाल्याने ओढणी घेतली आणि भिंतीशी काढलेल्या चपलांवर टाकली. पेपरभर मी मान वर केली नाही. येत होती ती उत्तरंसुद्धा चुकले.

पंधराव्या वर्षापासून मी डोकं झाकते. घरात कुणी सांगितलं नव्हतं. अम्मी साडीचा पदर घेते, तेवढंच. मी घेतली ती अल्लासाठी. मला कुणी किती पाहावं हे माझं मी ठरवायचं, एवढी इज्जत माझ्या दीनने, माझ्या धर्माने मला दिली आहे, असं मी मानते. लोक म्हणतात, बिचारी दबलेली असणार. आयुष्यात मी एकदाच दबले. त्या गेटवर, डोकं उघडं करताना.

घरी मामू म्हणाला, तेवढा वेळ डोकं उघडं राहिलं तर काय बिघडलं? आणि लगेच पुढे, पोरींनी एवढ्या लांब जावंच कशाला? दोन्ही बाजूंनी माझं तोच ठरवून मोकळा झाला. नापाक कपडा धुतात तशी अम्मीने ओढणी तीन पाण्यांतून काढली, पिळली, दोरीवर घातली. मग म्हणाली,

"कपडा पाक झाला. तुझं तू बघ."

निकालात माझं नाव नव्हतं.

पुढच्या परीक्षेला तेच केंद्र. तीच ओढणी, तीच लाँच, तोच माणूस. त्याने मला ओळखलंही नाही. मॅडम याही वेळी नव्हत्या. शेवटी तो म्हणाला, काढा.

"बाई बोलवा, खोली द्या, हवं तेवढं तपासा. इथे काढणार नाही."

आवाज चिरका निघाला. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. मी प्रवेशपत्र पुढे केलं, नियम हा आहे, वाचा. त्याने वाचलं नाही. मग म्हटलं, आत घेत नाही आणि का घेत नाही, एवढं यावर लिहून द्या. पेनही दिलं. त्याने पेन परत केलं. नंतर गेट लावलं.

मी बाहेर पायरीवर बसले. आतली घंटा ऐकली. खूप रडले. तक्रारीचा अर्ज केला, त्याची पोच मिळाली, उत्तर नाही. फेऱ्या मारून चपला झिजल्या. ज्याच्याकडे जावं तो दुसऱ्याकडे पाठवतो. बरोबर वागून मी जिंकले वगैरे काही झालेलं नाही. वर्गात उभं राहून शिकवायचं होतं, तो वर्ग अजून कुठेच नाही.

वयाच्या अटीत आता एकच परीक्षा बसते. तीही जाईल कदाचित. मी दीड तास आधी जाणार, ओढणी घेऊनच. मला परत पाठवायचं असेल त्याने तसं लिहावं आणि खाली सही करावी. पिन मात्र मी माझ्या हाताने काढणार नाही.