लॅव्हेंडर म्युझियममधला पुतळा

गफूरभाई मला पहिल्यांदा भेटले, तेव्हा ते माणूस आहेत हेच मला कळलं नाही. सौदी अरेबियातल्या ताइफच्या लॅव्हेंडर म्युझियममध्ये, अर्क काढायच्या तांब्याच्या हंड्याशेजारी एक अरबी शेतकऱ्याचा पुतळा उभा होता. मी त्याच्या गळ्यात हात टाकला. फोटो काढता काढता माझी बायको गौरी म्हणाली, "पोट अगदी तुमच्यासारखं बनवलंय हो!"

पुतळा ओठ न हलवता मराठीत म्हणाला, "वहिनी, हसवू नका. इन्स्पेक्टर आलाय."

माझी किंकाळी पार उत्तरेतल्या हाइल शहरापर्यंत ऐकू गेली असणार.

गफूरभाई मूळचे गुहागरचे, इथले गाइड. ते काम आता फक्त सौदी माणसासाठी राखीव झालं होतं. पकडले गेले तर नोकरी खलास, म्हणून तपासणी आली की ते पुतळा होत.

इन्स्पेक्टरने पुतळा कौतुकाने न्याहाळला आणि शोभेसाठी लॅव्हेंडरची भलीमोठी जुडी त्याच्या हातात, थेट नाकाखाली खोचली. पुतळा दणदणीत शिंकला आणि शिंकेनंतर अल्लाचे आभार मानायच्या सवयीने म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह!"

इन्स्पेक्टरनेही सवयीने शिंकणाऱ्याला दुआ दिली, "यरहमुकल्लाह!" मग त्याने चष्मा पुसला.

पुढच्या महिन्यात तिथे सौदी गाइड लागला आणि गफूरभाई गुहागरला परत गेले.