पाहिलं ते बोललं पाहिजे

मी कमी बोलणारा माणूस. हे सगळं लिहून काढतोय ते पाहून बायको म्हणते, "मोठे आले कमी बोलणारे!" पण लग्न ठरताना तिच्या घरच्यांनी खरोखर चौकशी केली होती, की मुलाला बोलता येतं ना?

दोष आमच्या घरचा. लाखांदूरकडची धानाची शेती, तलावाचं पाणी आणि कामापुरती बोलणारी माणसं. शेताच्या बांधीत पाणी पुरेसं झालं हे वडील नुसती मान हलवून सांगायचे आणि आम्हाला ते कळायचं. बायको साकोलीच्या कापडवाल्याची मुलगी. त्यांच्याकडे बोलण्यावर धंदा चालतो, आणि धंदा मंद असला तरी बोलणं जोरात चालतं. आमच्या घरात पाच वर्षं तीच दोघांच्या वाटचं बोलत होती.

रेल्वेत मी असिस्टंट लोको पायलट आहे. इंजिनात आम्ही दोघं असतो. पायलट गाडी चालवतो, मी शेजारी. सिग्नल दिसला की त्याच्याकडे हात करून मी तो मोठ्याने बोलायचा आणि पायलटने परत म्हणायचा, असा नियम आहे. मी म्हणायचं, "डिस्टंट, हिरवा!" त्यानेही म्हणायचं, "डिस्टंट, हिरवा!" डिस्टंट म्हणजे स्टेशनच्या बराच अलीकडचा सिग्नल. पुढे स्टेशनच्या तोंडाशी होम सिग्नलवर काय वाढून ठेवलंय ते तो आधीच सांगतो. हिरवा असला तर जा बिनधास्त, एकच पिवळा असला तर होमपाशी थांबायची तयारी ठेवा.

मला हा नियम पोरकट वाटायचा. दोघांना डोळे आहेत, दिवा समोर आहे, मग पाढे म्हटल्यासारखं ओरडायचं कशाला? मी हात करायचो आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचो. पायलट लोक सांभाळून घ्यायचे.

तपासणीचे साहेब सांभाळून घेणारे नव्हते. पायलटच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव यादीत आलं होतं आणि त्याआधी ते एक दिवस आमच्या गाडीवर आले. गाडी थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "शेवटचा होम कोणता होता?"

"पिवळा, साहेब."

"पाह्यला होता, तर बोलला काहून नाही? तुले बोलाले मुहूर्त लागते का?"

मी तिथेही नुसती मान हलवली. साहेबांनी वहीत लिहिलं आणि स्वच्छ सांगितलं, "महिन्यानं परत येतो. जो बोलत नाही त्यानं पाह्यलं नाही, असंच मी धरतो. तवाही असाच मुका राह्यला तर यादीतून नाव कटलं समज."

पायलट व्हायचं म्हणून मी नोकरीत शिरलो होतो. एकही सिग्नल कधी चुकला नाही आणि नाव जाणार ते तोंडामुळे! मला साहेबांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "उद्या सुटी हाय ना तुमची? साकोलीले जाऊ. स्कूटी मी चालवते. तुमी मांगं बसून जे दिसंल ते बोला. मी परत म्हणन. आवाज हॉर्नपेक्षा लहान निंगाला तर तुमाले रस्त्यात उतरवून देईन."

आम्ही राहतो त्या वरठीहून निघालो. "समोर ट्रॅक्टर!" मी हात करून म्हणालो. "समोर ट्रॅक्टर!" ती ओरडली. "डावीकडे म्हशी!" "डावीकडे म्हशी!" सुरुवातीला लाजेने कान तापले. पण मग मजा येऊ लागली. भंडाऱ्यापर्यंत माझा आवाज असा मोकळा झाला, की म्हशीसुद्धा वळून पाहू लागल्या.

आणि तिथेच घोळ झाला. एका चौकातला सिग्नल बंद होता. आमच्या नियमात विझलेला सिग्नल म्हणजे लाल, त्यात दुसरा विचार नाही. मी जीव खाऊन ओरडलो, "सिग्नल विझलेला! थांब!" बायकोनेही "सिग्नल विझलेला! थांब!" म्हणत भर चौकात करकचून ब्रेक दाबला. मागे ट्रक, मोटारसायकली, एक एसटी, सगळ्यांचे हॉर्न एकदम. ट्राफिक पोलीस धावत आला. "काय झालं, बाई? बिगडली का गाडी?"

"नाही जी," बायको गंभीरपणे म्हणाली, "आमचे हे रेल्वेत हायेत."

पोलिसाला काय समजलं देव जाणे, त्याने हात जोडून आम्हाला आधी पाठवलं. साकोलीला पोचेपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. मला तो दिवस फार आवडला, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. महिनाभर प्रत्येक सुटीला आम्ही असेच ओरडत फिरलो. सासरे म्हणाले, "जावई आता दुकानात बसवाले चालते."

महिन्याने साहेब आले. चिखल्याकडच्या खाणींचं मँगनीज भरलेली गाडी होती. पायलट नोकरीत मुरलेले, मला काम शिकवणारे, ज्यांचा शब्द खाली पडू देऊ नये असे. साहेब आमच्या मागे उभे. मी एकेक सिग्नल खणखणीत बोलत होतो. मग एका वळणानंतर डिस्टंट दिसला. सकाळचं ऊन थेट आमच्या डोळ्यांवर आलेलं.

"डिस्टंट, पिवळा!"

"डिस्टंट, हिरवा!" पायलट म्हणाले. त्या जागी रोज हिरवाच मिळायचा.

साहेबांनी वही उघडली. मी परत पाहिलं. पिवळाच होता. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना साहेबांसमोर खोटं पाडायचं? जुना मी असतो तर नुसतं त्यांच्याकडे बघितलं असतं. पण पोटातून आवाज आला, "नाही! पिवळा! डिस्टंट पिवळा!"

पायलटांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ब्रेक लावला. "पिवळा," ते म्हणाले. पुढचा होम लाल होता. गाडी त्याच्या अलीकडे शांतपणे उभी राहिली. पायलटांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "माह्या नावानं जे लिवाचं ते लिवा साहेब, पण याले पास करा."

साहेबांनी दोन्ही लिहिलं. नाव यादीत राहिलं.

ड्युटी संपल्यावर मोबाईल चालू केला आणि स्टेशनच्या बाकावर बसून बायकोला फोन लावला. पास झालो, हे सांगून थांबणार होतो. पण थांबताच येईना. ऊन, वळण, पायलट, पाठीवरचा हात, सगळं सांगत सुटलो. भंडाऱ्याच्या चौकात मी किती खूश होतो तेही सांगून टाकलं. पलीकडून हूं नाही की चूं नाही.

"अवं, ऐकून राहिली ना?"

"हो," ती म्हणाली. "तुमी सांगा. आज मी नाही बोलत."