साताऱ्याच्या लाइनीवरचं नाव

आष्ट्याच्या तात्यांची थोरली मुलगी रेश्मा कुपवाडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होती. मोपेडवरून रोज जायची-यायची, पण ती नेमकं करते काय, हे गावाला कधी उमगलं नाही. "टीव्हीगत कायतरी दुरुस्त करती," एवढं सांगून तात्या मोकळे व्हायचे. पोरीच्या हुशारीचा मात्र त्यांना कोण अभिमान!

१९९९ साली सांगलीच्या एका रक्तपेढीनं तिला बोलावलं. रक्तदात्यांची नावं आणि तपासणीचे निकाल सांगलीच्या सर्व्हरवर असत. साताऱ्याची शाखा टेलिफोनच्या लाइनीवरून त्यात रोज भर घाली, आणि तीही उघड्यावर. मध्ये कुणी कान लावला तर पोस्टकार्डासारखं वाचून घ्यावं. त्यातच एका कामगाराला एचआयव्ही असल्याचं कुठून तरी फुटलं आणि घरमालकानं त्याची भांडीकुंडी रस्त्यावर काढली. रक्तपेढीचे डॉक्टर हादरले. "रेश्माताई, या लाइनीला आधी कुलूप घाला," म्हणाले.

रेश्मानं जीव ओतून काम केलं. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आणि गुप्त लिपीच्या चाव्या तयार केल्या, एसटीनं साताऱ्याला जाऊन तिथल्या मशीनवर जोडणी करून आली. आता सगळा मजकूर गुप्त लिपीत जाणार होता आणि चावी नसलेल्याला सर्व्हर दारातूनच परतवून लावणार होता. राहिली होती खात्री. त्यासाठी आधी उघडी लाइन पडद्यावर बघायची, मग कुलूप लावून पुन्हा बघायची. खोटी नावं पाठवा, असं तिनं साताऱ्याला बजावलं होतं. पण तिथला कारकून आपल्याच नादात रोजच्या नोंदी पाठवत बसला.

पडद्यावर नाव आलं. विश्वजीत. मग गाव, वय, शिरवळचा कारखाना, तिथल्या शिबिरात दिलेलं रक्त. एचआयव्ही: पहिली तपासणी पॉझिटिव्ह, दुसरी बाकी.

याच विश्वजीतशी तिच्या धाकट्या बहिणीचं, मयूरीचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती आणि मयूरी आरशासमोरून हलत नव्हती.

रेश्मानं गाव आणि वय पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं हातातलं काम पुरं केलं. कुलूप लावून पुन्हा पाहिलं तर पडद्यावर नुसता अक्षरांचा भुसा. सर्व्हरमधल्या नोंदींचा पासवर्ड डॉक्टरांकडे होता, त्यामुळे आत डोकावायची वाटही नव्हती. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, पहिल्या तपासणीत अडकलेलं नाव दुसरीत सुटतं का कधी?"

"सुटतं की. पहिली कैकदा चुकते." मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "कुणाचं, ते मला सांगू नका. ज्याचं त्याला आम्ही बोलावून सांगतो."

"आणि तो आलाच नाही तर?"



इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर कुंपणानंच शेत खाल्ल्यासारखं. न सांगावं तर बहीण डोळ्यांदेखत खड्ड्यात. अखेर बस्त्याची बोलणी करायला मंडळी घरी आली, तेव्हा रेश्मानं धीर केला. "पत्रिका बघितल्या, तशी दोघांची रक्तंबी तपासून घेऊया. आधी आमच्या मयूरीचं घ्या," ती म्हणाली.

विश्वजीतचे वडील भाऊसो ताडकन उठले. "आमच्या पोराचं रगात तपासनार? बाजारात बैल बघायला आलाय व्हय तुमी?"

विश्वजीत खाली मान घालून बसला होता. अपमानानं की भीतीनं, ते रेश्माला ओळखता आलं नाही. चहा तसाच ठेवून मंडळी निघून गेली आणि लग्न मोडलं.

"लय शिकलीस गं बाई," तात्या म्हणाले. "शिकून भनीचंच वाटोळं केलंस." रेश्माला बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मयूरी तर तिच्याशी बोलेनाशीच झाली. ताट वाढायची, पण बघायची भिंतीकडे.

पुढं तात्यांनी बाजारातून बातमी आणली. विश्वजीतचं लग्न झालं, मुलगी वाईकडची, थाट म्हणे लय मोठा. त्या आठवड्यात रेश्मा देखभालीसाठी रक्तपेढीत गेली. सवयीनं तिनं लाइन पडद्यावर घेतली. भुसा धो धो वाहत होता. त्यात कुठं तरी विश्वजीतची दुसरी तपासणीही येऊन गेली असेल. निर्दोष सुटला असेल, तर मयूरीचा संसार आपण उगाच मोडला. नसेल, तर वाईकडची ती पोरगी. रेश्माला रडू फुटलं, पण नेमकं कुणासाठी ते तिलाच कळेना.

"एकदम पक्कं काम केलंत हो," मागून डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मयूरी उंबऱ्यात बसली होती. कितीतरी महिन्यांनी ती आपणहून बोलली.

"आक्का, खरं सांग. तुला त्याच्यात दिसलं तरी काय व्हतं?"

रेश्मानं चप्पल काढली आणि नीट भिंतीकडेला ठेवली.

"काय न्हाई गं," ती म्हणाली.