'न्हाय' म्हणजे न्हाणं नव्हे

मंडळी, आज विद्यापीठाच्या नव्या इमारतीत पहिला तास घेतला. तिथल्या भिंतीवर मोठा पडदा आहे. वर्गात कोणी बोललं की शब्द त्यावर आपोआप उमटतात. मराठीसुद्धा येते म्हणे.

जांबोटीकडची एक मुलगी वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसते. आज ती पहिल्यांदाच उठली. "सर, ह्ये चलनवाढीचं मला न्हाय कळलं."

पडद्यावर उमटलं, 'सर, हे चलनवाढीचं मला न्हायला कळलं.'

"आत्ता न्हायला कळलं व्हय, आक्का?" पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला. "जांबोटीत तर पाऊस लई की गं."

वर्ग हसला. मीही हसलो. एरवी इथं लिहिताना टोमणे घडवायला मला कष्ट पडतात, हा यंत्रानं आयता दिला होता.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "बोल बाळ, काय कळलं नाही?"

"कळलं, सर," म्हणाली आणि मान खाली घालून बसली.

हे वाक्य पडद्यानं एकही चूक न करता लिहिलं.

यंत्राला आमची बोली शिकवता येईल, ते अभियंते बघून घेतील. पण त्या पोरीनं पुन्हा उठून विचारावं म्हणून उद्या वर्गात जाऊन मी काय बोलू? तुमच्यापैकी कुणा शिक्षकाला हे जमलं असेल, तर सांगा.